वाटाणे सोलून होईपर्यंत

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाइडबाई लगबगीचा पुढचा डावा खूर मांडीवर घेऊन आकडीने माती उकरत होत्या. तीन खूर झाले होते, हा चौथा. खाचेत हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. एरवी असा खडा त्या भिंतीपलीकडे भिरकावतात. आज त्यांनी तो खिशात टाकला. निदान आजच्या दिवस तो या घोडीच्या वाटेत परत यायला नको होता.

लगबग ही आठ वर्षांची तांबूस घोडी. चालीची. इतर घोडे दुडक्या चालीला लागले की स्वार पोत्यासारखा आदळतो. हिच्यावर बसलेला माणूस आदळत नाही. चार पाय चार निरनिराळ्या ठोक्यांवर पडतात, पाठ जागची हलत नाही आणि वेग सायकलला मागे टाकेल असा. जुनी माणसं या चालीला रहवाल म्हणतात.

या तबेल्यात जुनी माणसं म्हणजे एकटे बाबा. गाइडबाईंचे वडील, वय सत्त्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी प्रदर्शनांसाठी चालीचे घोडे तयार केले. उजव्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, डाव्या हातात आखूड धरलेला लगाम, आणि मैदानाला पूर्ण फेरी. पाणी सांडलं की बक्षीस गेलं. बाबांचं सांडत नसे.

नऊ महिन्यांपूर्वी त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला. काठी घेऊन ते रोज सकाळी तबेल्यात येतात आणि कुंपणाजवळच्या बाकावर बसून सगळ्यांच्या चुका काढतात. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, पण मोजूनमापून. घोड्यावर बसा, चाळीस मिनिटं बसा, फक्त चालत. एकही हिसका नको.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. हिसका न देणारी घोडी तबेल्यात एकच होती, लगबग. आणि चालायला अजिबात तयार नसलेली घोडीही तीच.

दारातून बाहेर पडली की तिची मान वर. दगडी पुलापर्यंत एक किलोमीटर सहाशे मीटर, तेवढंच परत. बाकीच्या घोड्यांना जाऊन यायला चाळीस मिनिटं लागतात, लगबग एकोणीस मिनिटांत दारात हजर. उपाय सगळे करून झाले होते. खुराकातले ओट्स कमी केले. तोंडातली कडी बदलली. नालबंदाने नाल हलके केले. दात तपासले. घोडी तशीच, घाम गाळत, दात वाजवत, उशीर झालेल्या पाहुण्यासारखी धावत सुटलेली.

गाइडबाई या तबेल्यात आठ वर्षं आहेत, पण त्याआधीची एकोणीस त्यांनी पार्सलच्या खिडकीमागे काढली. वजन करायचं, चिकटपट्टी लावायची, शिक्का मारायचा. ‘घोड्यांतली मुलगी खोकी मोजते,’ असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खिडकीच्या जागी यंत्र आलं, तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षी त्या परत खोगिरावर बसल्या. लोकांना रानवाटेने नेऊन आणायचं काम. मांड पक्की होती, हातही बाबांनी घडवलेला: आखूड लगाम, कोपर अंगाला, पकड कधीही ढिली नाही. ‘चालीचा घोडा म्हणजे कपड्यांची दोरी,’ हा बाबांचा धडा. ‘सैल सोडलीस की धुणं चिखलात.’

पाच आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी त्यांचा धीर सुटला. स्वारांना पोहोचवून एकट्या परतत होत्या. लगबग तशीच ओढत होती. दंड भरून आले होते आणि भूकही लागली होती. शेवटी ‘जा बाई, काय करायचं ते कर,’ म्हणून त्यांनी लगामाला गाठ मारली, तो घोडीच्या मानेवर टाकला आणि खिशातलं संत्रं काढलं. साल चिवट होती, तुकड्यातुकड्याने निघत होती. अर्धं संत्रं सोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दात वाजायचे थांबलेत. समोर नेहमी भिंतीसारखी उभी असणारी मान खाली गेली होती. घोडीच्या दोन कानांच्या मधून त्यांना पहिल्यांदाच रस्ता दिसला.

पुढे जे केलं ते काही जादूचं नव्हतं. पहिल्या दिवशी दहा पावलं सैल. मग या झुडपापासून त्या झुडपापर्यंत. घोडीने घाई केली की ओढून धरायचं नाही, एक लहानसं वर्तुळ घ्यायचं आणि पुन्हा सोडून द्यायचं. कधीकधी एका किलोमीटरमध्ये पंचवीस वर्तुळं झाली. हात मात्र सारखे लगामाकडे जात, म्हणून ते कशात तरी गुंतवून ठेवावे लागत.

बाबा बाकावरून बघत होते. “काय चाललंय हे? घोड्यावर बसून संत्री सोलायची?”

“चालतेय ना ती?”

“चालतेय कुठली, रेंगाळतेय. उद्या आईचे वाटाणेही घेऊन ये.”

आईने हे जेवताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच एक किलो शेंगा कापडी पिशवीत भरून दिल्या. “एवीतेवी जातेच आहेस. येताना सोलून आण.”

तेव्हापासून गाइडबाई रोज खोगिराला पिशवी अडकवून निघतात. गेले अकरा दिवस लगबग पुलापर्यंत जाऊन चालतच परत आली होती.

पण या तबेल्यात शेवटचा शब्द मालकीणबाईंचा. त्या पूर्वी पोहणं शिकवायच्या. बुडणाऱ्या माणसांशी तीस वर्षं संबंध आल्यामुळे कुणाच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसत नाही. कचेरीबाहेरच्या फळ्यावर त्यांनी आजच्या तारखेखाली लिहिलं होतं: ‘पावणेसात, लगबग, बाबा’ आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह.

“एक संधी देते,” त्यांनी आदल्या दिवशी गाइडबाईंना सांगितलं होतं. “एकदा धावली तर समज देईन. दुसऱ्यांदा धावली की मागे फिरायचं, आणि मग काकांनी बाकावरच बसायचं. कायमचं. मला त्यांचा दुसरा खुबा बघायचा नाहीये.”

सहा चाळीसला बाबा घोड्यावर बसायच्या ओट्यावर चढले, काठी खुंटीला अडकवली, डावा पाय रिकिबीत घातला आणि आपल्या वयाला न शोभेल अशा सफाईने खोगिरावर बसले. पुढे तपकिरी घोड्यावर मालकीणबाई, गळ्यात स्टॉपवॉच. मागे गाइडबाई, गठ्ठ्या नावाच्या तट्टावर. गठ्ठ्या हा उभ्या उभ्या झोपणारा प्राणी. त्याला जागं ठेवणं हेच स्वाराचं काम.

“बाबा, लगामाला गाठ मारून ठेवलीय. मानेवर राहू द्या.”

“घोड्यांबद्दल तू मला सांगणार?”

“नाही. या घोडीबद्दल.”

पहिली शंभर पावलं बरी गेली. मग बाबांचा डावा हात, जणू तो बाबांचा नव्हेच अशा थाटात, पुढे सरकला, गाठीपाशी पोहोचला आणि लगाम दोन बोटं आखूड झाला. लगबगीची मान वर. चार खुरांचा तो जुना, सुरेख, भरभर ठेका सुरू झाला, आणि बाबांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. मालकीणबाईंच्या घोड्याला त्यांनी डावीकडून सहज मागे टाकलं.

“काका,” मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, “ही एक.”

बाबांनी घोडी वळवली. वर्तुळ घेऊन ती थांबली खरी, पण दात वाजायला लागले होते.

“मी काही केलं नाही,” बाबा म्हणाले.

“हात, बाबा.”

“हात जागेवर आहेत.”

“तेच म्हणतेय मी.”

बाबांनी हाताकडे पाहिलं. बोटं लगामावर घट्ट मिटली होती. त्यांनी ती उघडली. पाच पावलांत ती पुन्हा मिटली. गाइडबाईंना दिसत होतं, की हे सांगून होणारं काम नाही. एकतीस वर्षांच्या हाताला ‘सोड’ म्हणणं म्हणजे दाराला ‘उघड’ म्हणण्यासारखं. त्यांनी गठ्ठ्याला टाच मारली, तो नाराजीने लगबगीच्या शेजारी आला, आणि त्यांनी आपल्या खोगिराची पिशवी सोडून बाबांच्या पुढ्यात ठेवली. वर रिकामा डबा.

“हे काय?”

“वाटाणे. आईला नाश्त्याच्या आत हवेत.”

“मग सोल की तू.”

“मला कसं जमेल? हा आज जरा आडदांडपणा करतोय. दोन्ही हात लागतात.”

बाबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे अर्धे मिटले होते आणि खालचा ओठ लोंबत होता. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. पुढे मालकीणबाई वळून न बघता म्हणाल्या, “काका, सोला. मला भूक लागलीय.”

बाबांनी लगाम मानेवर टाकला, डबा मांड्यांत धरला आणि पहिली शेंग उचलली. ती मधोमध मोडली. दुसरीही.

“हिची शिवण कुठे असते?”

“देठाकडून दाबा. अंगठ्याने.”

तिसरी उघडली. सहा वाटाणे डब्यात पडले, टपटप. बाबांना ते आवडलेलं दिसलं. चौथी शेंग त्यांनी आधी नीट न्याहाळली, नवा घोडा न्याहाळतात तशी, आणि मगच दाबली. पुढची पाच-सात मिनिटं त्यांनी मान वर केली नाही. गाइडबाई मात्र घोडीकडे बघत होत्या. आधी दात थांबले. मग कान सैल पडून बाजूला झाले. मान वीतभर खाली आली, आणखी वीतभर आली, आणि ओढ्याच्या वळणावर लगबगीने नाकातून लांबलचक फुर्रर्र केलं, दिवसभराचं काम आटोपून खुर्चीत बसणाऱ्या माणसासारखं. पावलं लांब पडू लागली. पाठ झुलू लागली.

एक वाटाणा बाबांच्या बोटांतून निसटला. तो कुठे गेला हे बघायला त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांना घोडीच्या दोन कानांमधून रस्ता दिसला.

“हिला बरं नाहीये का?”

“चांगली ठणठणीत आहे.”

“आमच्याकडे घोडा असा चालायला लागला की आम्ही डॉक्टर बोलवायचो.” त्यांनी आणखी एक शेंग दाबली. “हे असं कुठपर्यंत चालतं?”

“वाटाणे असेपर्यंत.”

दगडी पुलावर समोरून सायकलवाला आला. मागे खोक्यांचा ढीग, त्यावर प्लास्टिकचा कागद फडफडत होता. लगबगीचे कान ताठ झाले. दोन पावलं झपझप पडली. बाबांचा डावा हात विजेसारखा उठला. त्या मुठीत नुकतेच सोललेले सात-आठ वाटाणे होते. ते सोडले असते तर लगाम मिळाला असता. मालकीणबाईंनी घोडा थांबवला होता आणि त्या बघत होत्या. हात हवेत तसाच राहिला, किती वेळ कोण जाणे, सायकल पार होईपर्यंत. मग बाबांनी तो हळूच डब्यावर नेला आणि वाटाणे आत सोडले. टपटप. लगबगीचा एक कान आवाजाच्या दिशेने मागे वळला. तिने मान खाली घातली आणि ती चालू लागली.

“घाबरलात?” गाइडबाईंनी विचारलं.

“सांडले असते,” बाबा म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांच्या गप्पांना ऊत आला. कुठल्या साली कुठल्या घोड्याने पेला सांभाळला, कुणी नाचक्की केली, सगळं. शेंगा सोलायचा त्यांचा वेगही वाढला. तबेल्याच्या फाटकाशी लगबगीने मान वळवून त्यांच्या गुडघ्याला नाक लावलं, सालपटांच्या वासाने. त्यांनी मूठभर सालपटं तिला दिली आणि वर म्हणाले, “लाडावून ठेवलीय हिला कुणीतरी.”

मालकीणबाईंनी स्टॉपवॉच दाबलं. एकोणचाळीस मिनिटं. त्या सरळ फळ्यापाशी गेल्या, अंगठ्याने प्रश्नचिन्ह पुसलं आणि अंगठा पँटला पुसला. “काका, उतरताना उजवा पाय जपून,” एवढंच म्हणाल्या.

बाबा ओट्यावर उतरले. काठी घ्यायला विसरून तीन पावलं गेले, मग परत आले. उजवा पाय जरा ओढत होते. चेहरा मात्र कुणीतरी घासूनपुसून लख्ख केल्यासारखा.

“उद्या किती वाजता?” त्यांनी विचारलं.

घरी आईने डबा उघडून पाहिला. वाटाणे अर्धेच होते. बाकीच्या शेंगा पिशवीत तशाच, आणि डब्याच्या तळाशी घोड्याचे दोन तांबूस केस.

“हे कुणी सोललेत?”

“मी,” बाबा म्हणाले.

आई खुर्चीवर बसली. पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने एक शेंग सोलली नव्हती, चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता. तिने एक वाटाणा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

“अहो, एवढंच होतं होय?” ती म्हणाली. “आधी सांगायचं. लग्नात मी घोडीच मागितली असती. स्वयंपाकघरातच बांधली असती.”

गाइडबाई एवढ्या हसल्या, की त्यांना ओट्याला धरावं लागलं. बाबाही हसले, आधी नाकातून, मग मोकळेपणाने.

उद्याच्या तारखेखाली फळ्यावर प्रश्नचिन्हाशिवाय लिहिलेलं आहे: ‘पावणेसात, लगबग, बाबा, रांगेत दुसरी.’ आणि आईने दारामागच्या खुंटीला कापडी पिशवी आतापासूनच अडकवून ठेवली आहे. उरलेले वाटाणे आजच्या जेवणात संपले, त्यामुळे तिच्यात एक किलो घेवडा आहे.