तीन सिलिंडर आणि डिकीतला दगड

सर्व संबंधितांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझ्या मामाने आपली जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोल ढोसणारी गाडी विकून टाकली. आणि आणली काय, तर आठशे सीसीची, काडेपेटीएवढी मोटार! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अख्ख्या वर्ध्यात तेव्हा असल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मामीने बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "सिलिंडर किती हायेत जी?"

"तीन. म्हून त अ‍ॅव्हरेज देते."

तीन! आमच्याकडे शुभकामाला तिघं निघत नाहीत; निघावंच लागलं, तर चौथा म्हणून दगड सोबत घेतात. मामीने एक दगड धुतला, हळदकुंकू लावलं आणि इंजिनातल्या तिघांना सोबत म्हणून डिकीत ठेवला. वर बजावलं, "जाम गावाले जाऊन येऊ. रस्त्यात काई इपरीत झालं, त गाडी उद्याच इकाची." मामाचा चेहरा पडला. नव्या नवरीवर जडावा तसा त्याचा जीव गाडीवर जडला होता.

जामहून परतताना दिवस मावळला. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जुनी गाडी गर्जायची. ही नुसती पुटपुटत होती. मी मागच्या सीटवर. आणि माझ्या पाठीमागे, डिकीतून आवाज यायला लागला. टक्.

मामाने वेग कमी केला. टक्टकही मंदावली. त्याने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. सगळं गपगार. मग, अगदी सावकाश, पुन्हा एक टक्.

"काऊन घाबरून राह्यले? दगड हाय तो," मामी म्हणाली.

मामा हळूच म्हणाला, "दगड नाई वं त्यात. वजनानं अ‍ॅव्हरेज पडते, म्हून म्या जामलेच काढून फेकला."

डिकी उघडायला कोणी उतरलं नाही. मला तर मानही वळवेना. मामाने गाडी पिटाळली, पण ते टक् टक् वर्ध्याचे दिवे दिसेपर्यंत आमच्यासोबत आलं.

दारात गाडी थांबल्यावर मामाने मुकाट्याने किल्ली तिच्यापुढे धरली. "उद्या इकून टाकतो."

मामी पुढे वाकली. पेट्रोलच्या काट्यावरच्या काचेला तिने नखाने टिचकी मारली. सकाळपासून काटा जेमतेम हलला होता. आणि ती एकदम बोलून गेली,

"राहू द्या जी! कोनी असन त असन, पेट्रोल त नाई पेत ना!"