साडूंचं जास्तीचं ताट

जगाच्या शेवटाची इतक्या खुशीत वाट बघणारा माणूस अख्ख्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. आम्ही बाकीचे ख्रिस्ती लोक प्रभूच्या येण्याची गाणी गातो, प्रार्थना करतो आणि मनातल्या मनात म्हणतो, ये बाबा, पण पोरीचं लग्न तेवढं उरकू दे. साडूंचं तसं नाही. त्यांना तो आजच्या आज हवा असतो, जमलं तर जेवायच्या वेळेला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, ज्यांना साडूंसकट सगळे आक्का म्हणतात, आणि माझी धाकटी, म्हणून लग्नाच्या दिवसापासून माझा नंबर दुसरा. सासुरवाडीत कोंबडीची तंगडी कायम त्यांच्या ताटात पडली आणि मान माझ्या. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

साडू नळदुर्गातल्या एका शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले, पण गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नाही. घर हायवेला लागून. प्रभू येईल तेव्हा कर्णा वाजेल, असं शास्त्रात आहे. झालं! एखाद्या ट्रकचा हॉर्न जरा वेगळ्या सुरात वाजला, की हे हातातला घास टाकून अंगणात हजर, मान वर. मग आत येऊन शांतपणे म्हणायचे, "ट्रकच हाय. पण बघितलेलं बरं." एकदा तमिळनाडूकडच्या एका ट्रकचा हॉर्न इतका सुरेल निघाला, की साडू बनियनवरच रस्त्यापर्यंत धावले. ड्रायव्हरला वाटलं पुढं अपघात झालाय, त्यानं गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळानं बघावं तर तो साडूंच्या ओट्यावर चहा पितोय. दोघांना एकमेकांची भाषा अक्षरभर येत नव्हती आणि दोघं खो खो हसत होते. मी जन्मभर या गावात राहिलो, माझ्या दारात कधी कुणी ट्रक थांबवला नाही.

एका रविवारी तर त्यांनी कमाल केली. उपासना संपली आणि यांनी दारात उभं राहून शिट्टी फुंकली. म्हणे, प्रभू अचानक येणार, मग सराव नको? सगळ्यांनी जसं असेल तसं उठून लिंबाखाली जमायचं. "मावशी, पर्स ठिवा! तिकडं पर्स लागत न्हाय!" म्हाताऱ्या पदर खोचून पळाल्या, पाळकसाहेब झगा सावरत पळाले. मी शेवटचा पोचलो, कारण मला माझा तक्ता गुंडाळायचा होता. "साडभाऊ," हे सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्ही राहिलात की वो मागं!" मंडळी हसली. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? आमची ही.

आता त्या तक्त्याविषयी सांगितलंच पाहिजे. नाताळाआधी आगमनाचे रविवार येतात, तेव्हा आमच्या चर्चमध्ये देवराज्य आणि शेवटचा काळ या विषयावर उपदेश असतो आणि तो कित्येक वर्षं मीच करत आलो. त्यासाठी मी मांजरपाटाच्या कापडावर स्वतःच्या हातानं तक्ता रंगवलाय. आधी संकटकाळ, मग कर्णा, मग हजार वर्षांचं राज्य, मग पांढरं सिंहासन आणि न्याय, मग नवं आकाश, नवी पृथ्वी. क्रमाविषयी विद्वानांत वाद आहेत, तेही मी सांगतो. मंडळी माना डोलावते. काहींच्या माना डोलता डोलता छातीवर टेकतात, तो भाग वेगळा. साडूंना यातलं काही म्हणजे काही धड येत नाही. न्याय आधी उरकून घेतात, कर्णा मागाहून वाजवतात आणि मध्येच कुठून तरी नोहाचं तारू आणून उभं करतात. तरी लोक त्यांच्या अंगणात बसून ऐकतात, हसतात, डोळे पुसतात. मला सांगा, माणसानं जळू नये तर काय करावं?

आणि ते ताट! त्यांच्या घरी रोज संध्याकाळी एक ताट जास्तीचं वाढलेलं असतं, दाराकडे तोंड करून. प्रभू आलाच तर त्यानं ताटकळत बसू नये. आता प्रभू काही येत नाही, पण ताट वाया गेलेलंही मी पाहिलं नाही. कुणीतरी येतंच. नवरात्रात तुळजापूरला पायी निघालेलं कर्नाटकातलं एक जोडपं पायाला फोड आले म्हणून दारात टेकलं, तर साडूंनी नवऱ्याला त्या ताटावर बसवलं आणि बायकोला स्वतःच्या. मी बाजूला घेऊन म्हटलं, "दाजी, प्रभूचं ताट आहे ना ते? ही देवीला निघालेली माणसं."

"भुका लागल्या हुत्या त्यांना," साडू म्हणाले. "आन् ताट मोकळं हुतं."

तर गेल्या वर्षी चर्चच्या पंचकमिटीनं ठरवलं, की या खेपेला आगमनाच्या रविवारी साडूंनी बोलावं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही! हिनं भाकरी थापता थापता सांगितलं, वर म्हणाली, "बरं झालं, दाजी छान बोलतात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच उठलो आणि तडक साडूंच्या घरी गेलो. ते जेवायला बसत होते. दारात मी दिसताच ओरडले, "आक्कासाब, बघा, आला! आज साडभाऊ आला!" आणि हाताला धरून मला त्या ताटावर बसवलं.

मी बसल्या बसल्या तोंड सोडलं. "दाजी, तुम्हाला साधा क्रम माहीत नाही आणि तुम्ही देवराज्य शिकवणार?"

"न्हाय माहीत," ते वांग्याची भाजी वाढत म्हणाले. "तुम्हाला समदं पाठ हाय. पण एक सांगा, तो आल्यावर तुम्हाला आनंद हुणार, का तक्त्यापरमानं आला का न्हाय ते बघत बसणार?"

मी भाकरी मोडली. आक्का शेजारी येऊन बसल्या, माझ्या ताटात तूप घातलं. त्या घरात इतकी वर्षं जेवलो, पण माझीच वाट बघत असल्यासारखं मला कधीच कुणी वाढलं नव्हतं. निघताना साडू म्हणाले, "रविवारी तक्ता तुम्हीच धरा. छडी तेवढी माझ्याकडं."

मी धरला. साडू छडी घेऊन बोलायला लागले आणि पहिल्याच वाक्याला छडी भलत्याच चौकोनावर! काय करणार? मी कापड हळूच सरकवलं. ते संकटकाळ म्हणत, छडी न्यायावर जाई, मी तक्ता बाजूला ओढी. तासभर मी त्या छडीखाली देवराज्य मागंपुढं सरकवत होतो. मंडळी रडली, हसली, आणि बाहेर पडताना पाळकसाहेब मला म्हणाले, "साडूंचा अभ्यास वाढलाय हं." दंड माझे भरून आले होते, आणि हार त्यांच्या गळ्यात पडला.

नाताळ झाला आणि साडूंचे गुडघे गेले. मुलगी येऊन दोघांना लातूरला घेऊन गेली. स्टँडवर मी विचारलं, "दाजी, परत कधी?" ते खिडकीतून म्हणाले, "तारीख इचारायची नसती, साडभाऊ. तयार राहायचं."

आता व्यासपीठ पुन्हा माझं आहे. तक्ता खिळ्याला टांगलेला असतो, क्रम बिनचूक असतो, माना डोलतात. एका संध्याकाळी हिनं आमच्याकडं तिसरं ताट मांडलं, दाराकडे तोंड करून. तेव्हापासून ते रोज मांडलं जातं. जेवताना हायवेवर वेगळा हॉर्न वाजला, की मी उठून बघून येतो. ट्रकच असतो.

मी लातूरला फोन लावतो. आक्का सांगतात, तब्येत बरी आहे, पार्किंगमध्ये शिट्टी वाजवून अख्ख्या बिल्डिंगचा सराव घेतला, वॉचमनसुद्धा पळाला. मी विचारतो, "जास्तीच्या ताटावर आज कोण जेवलं?" त्या कुणाचं तरी नाव सांगतात, आणि कुणाचंही असो, माझ्या पोटात दुखतं. इकडे मी भाकरीवर फडकं घालून दाराकडं बघत बसलोय, आणि हे तिकडं लातूरच्या कुणा परक्याला हाताला धरून म्हणत असणार, बघा, आला!