नऊ नंबरचे ओले कपडे

माझ्या सासूबाईंबद्दल मी चार चांगले शब्द लिहायला बसले आहे, हे माझ्या माहेरी कळलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टाकीवर उभं राहून कपडे धुतले, आणि त्यातली निदान अठरा वर्षं आमचं रोज काही ना काही वाजलं. साबण एवढा का घेतलास, पिळताना मनगट का वळवत नाहीस, शर्ट दोरीवर सरळच का टाकलास. त्या नाकावर माशी बसू देत नाहीत आणि माझी जीभही काही गप्प बसणारी नाही. शेरास सव्वाशेर म्हणा. शेर कोण आणि सव्वाशेर कोण, यावरही आमचं एकमत नाही.

पण आधी गाव सांगते. एकशे चाळीस घरं, एक दुकान, चार खोल्यांची शाळा, आणि या सगळ्याहून मोठी कोळशाची खाण. घरं खाणीच्या फाटकापाशी सुरू होतात आणि ओढ्यापाशी संपतात. मधे दोन रस्ते, दोन्ही चढाचे. तुम्ही म्हणाल दोन्ही चढाचे कसे, तर कामाला जाताना चढ असतो तेव्हाच तो माणसाच्या लक्षात येतो. दारं-खिडक्या कितीही लावा, काळी भुकटी आत येतेच. बायका खिडकीच्या कडेवरून दिवसातून दोनदा फडका मारतात. नवी सून पहिले दोन महिने चारदा मारते, मग तिचीही गाडी दोनवर येते. इथली माणसं मोठ्यानं बोलतात, कारण निम्म्यांचे कान यंत्रांनी खाल्लेत. बाहेरच्याला वाटतं भांडण पेटलंय, आणि असतं काय, तर कुणीतरी कुणाला चहाला बोलावत असतं. मला हे गाव आवडतं, हे आत्ताच सांगून टाकते. इथे कुणी कुणाला शोभेचं बोलत नाही.

फाटकाला लागूनच खाणीची लाँड्री आहे. घरचा कपडा घालून खाली उतरायचं नाही, असा खाणीचा नियम आहे. खिशात काडेपेटी राहायला नको, आणि नायलॉनला ठिणगी पकडायला नको. खाणीने दिलेला जाड सुती शर्ट आणि पँटच चालते, छातीवर नंबर छापलेली. प्रत्येकाला दोन जोड. पाळी संपली की मळका जोड आमच्याकडे टाकायचा आणि पुढच्या पाळीला खुंटीवरचा कोरडा जोड घ्यायचा. खाणीच्या प्रत्येक भागाचा गठ्ठा वेगळा येतो, आणि गठ्ठा सोडून टाकीत घालायचा पहिला मान सासूबाईंचा.

लग्न होऊन आल्या त्याच वर्षी त्या इथे लागल्या, त्याला छत्तीस वर्षं झाली. मुकादमापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा करतात तशी त्या बाहीवरून माणसाची करतात. कोण कुठल्या बोगद्यात होता, कोण गुडघ्यावर बसून खणत होता, कोण नुसता उभा होता, सगळं त्यांना कळतं. एकदा त्यांनी एका मुकादमाची पँट उचलून धरली. बूड काळंकुट्ट, बाह्या मात्र दुधासारख्या स्वच्छ.

"मुकादम, काल बसून बसून फार दमलात वाटतं," त्या म्हणाल्या. तो मुकादम त्यानंतर महिनाभर आपले कपडे दुसऱ्याच्या हाती पाठवत होता.

आता ती गोष्ट. नऊ नंबर म्हणजे खाणीचा सगळ्यात लांबचा बोगदा. तिथे सोळा जणांची टोळी होती आणि टोळीचे प्रमुख आमचे हे, म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक मुलगा. एका सोमवारी नऊ नंबरच्या गठ्ठ्याच्या टाकीतला फेसच बसला. नासलेल्या दुधासारखा चोथा वर आला.

"साबण बदललास का गं?" त्यांनी पहिला आरोप माझ्यावर केला, ते रीतसरच झालं.

"तुम्ही दिलेलाच वापरतेय."

त्यांनी माझ्या हातातली वडी घेतली, शेजारच्या टाकीत चार नंबरच्या कपड्यांवर घासली. भरघोस फेस. परत नऊ नंबरवर घासली. चोथा. मग त्यांनी एक शर्ट नाकाशी नेला आणि माझ्याकडे दिला. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. कोपरांवर आणि गुडघ्यांवर गंजासारखे पिवळे डाग होते. ते घासून जाईनात.

रात्री हे पाळीवरून आल्यावर त्यांनी जेवताना विषय काढला.

"नऊ नंबरमध्ये पाणी येतंय का रे?"

"छतातून ठिबकतं थोडं," हे म्हणाले. "वरच्या जमिनीतलं. सर्व्हेवाल्या साहेबांनी बघितलंय."

"वरच्या जमिनीतलं नाही ते. ते असतं तर फेस आला असता. हे पाणी वर्षानुवर्षं एका जागी कोंडलेलं आहे. लग्नानंतर एका वर्षी नळ आटले होते, तेव्हा आम्ही बायका जुन्या खाणीच्या तोंडाशी धुणं घेऊन जायचो. अगदी असाच चोथा व्हायचा."

जुनी खाण म्हणजे ओढ्यापलीकडची. सासूबाईंच्या सासऱ्यांच्या काळातच ती बंद पडली आणि काठोकाठ पाण्याने भरली. नऊ नंबर नेमका तिच्याच दिशेने चालला होता. पण नकाशात दोन्हींच्या मधे चाळीस मीटर अख्खा कोळसा दाखवला होता, आणि नकाशापुढे साबणाला कोण विचारतो?

"आई, तुझं कपड्यांपुरतं ठीक आहे," असं म्हणून हे हात धुवायला उठले.

मंगळवारी त्या सर्व्हेवाल्या साहेबांकडे गेल्या. साहेब वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी नकाशा उलगडून दाखवला.

"मावशी, ही बघा जुन्या खाणीची हद्द."

"ही हद्द काढली त्यानंतर तिथे कुणी एक टोपलीही खणली नाही, असं लिहिलंय का कुठे?"

"तसं कसं लिहितील?"

"मग पुढे भोक पाडून बघा ना. लांब ड्रिल आहे की तुमच्याकडे."

साहेब हसले. भोक पाडून बघायचं म्हणजे दोन दिवस काम बंद, आणि गुरुवारी दुपारच्या पाळीला तर नऊ नंबरमध्ये मोठा सुरुंग लावायचा ठरला होता. त्यांनी मावशींना चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आले. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी हाकलून दिलं असतं तर त्यांना चाललं असतं. चहा पाजून परत पाठवलं, ते लागलं. बुधवारी त्या मॅनेजरसाहेबांना भेटायला गेल्या, तर साहेब बाहेरगावी. गुरुवारी दुपारी येणार होते.

गुरुवारी साडेबाराला मी डबा खाऊन आले तेव्हा सासूबाई खुंट्यांवरून नऊ नंबरचे कपडे काढत होत्या. कोरडे, घडी घातलेले, पाळीसाठी तयार असलेले. काढून त्यांनी ते टाकीत टाकले आणि वरून काठीने दाबले. आदल्या दिवशीचे मळके जोड आधीच भिजत होते.

"आई! अहो, हे काय करताय?"

"धुतेय."

"धुतलेलेच आहेत ते!"

"मग अजून स्वच्छ होतील."

दोन वाजता टोळी आली. पंधरा दांडगे बाप्ये बनियनवर आमच्या दारात उभे राहिले आणि रिकाम्या खुंट्यांकडे बघू लागले. आमचे हे सोळावे. कुणाला हसावं की चिडावं ते कळेना. एक जण म्हणाला, "मावशी, आज काय लुंगी लावून उतरायचं का?" सगळे हसले. हे मात्र हसले नाहीत. आईने चारचौघांत आपलं हसं केलं, ते यांच्या कानांपर्यंत लाल झालेल्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आई, हे काय चालवलं आहेस तू?"

"आज नऊ नंबरचं कुणी खाली जाणार नाही. आधी भोक पाडा, मग जा."

"ते ठरवणारी तू कोण?"

"कपडे देणारी."

तेवढ्यात यांना आठवलं. यांच्या दोन जोडांपैकी एकाचा गुडघा फाटला होता, म्हणून मी तो घरी नेला होता. ठिगळ लावून त्याच सकाळी परत आणला होता. तो माझ्या पिशवीत होता, कोरडा ठणठणीत. सुरुंगाला माणसं लागतात दोनच, सुरुंगवाला आणि टोळीप्रमुख. बाकीचे लागतात ते नंतर, कोळसा भरायला. सुरुंगवाल्याचे कपडे दुसऱ्या गठ्ठ्यातले. तो तयार होऊन बाहेर उभाच होता.

"अगं, तो शिवलेला जोड दे," हे मला म्हणाले. "आम्ही दोघं सुरुंग उडवून घेतो. यांचे सुकले की हे येतील."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सासूबाईही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या मला काही सांगत नव्हत्या. नेहमी नको तिथे तोंड चालवणाऱ्या बाई, आणि आज मूग गिळून गप्प! माझी पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर नवरा चारचौघांत तोंडघशी पडणार, वर आम्हा दोघींची नोकरी जाणार. द्यावा, तर हे खाली जाणार. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या टाकीला टेकून ताठ उभ्या होत्या, डोळ्यांची पापणीही हलत नव्हती. म्हटलं, या बाईला पक्कं माहीत आहे.

मी पिशवीतून तो जोड काढला आणि दोन्ही हातांनी टाकीत बुडवला.

"तोही मळलाय," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग ते बाकावर जाऊन बसले. यांच्याकडे बघून एकेक करत टोळीही बसली.

अर्ध्या तासात मॅनेजरसाहेब तडक लाँड्रीत आले, मागे सर्व्हेवाले साहेब. सासूबाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी दोन बादल्या पुढे ठेवल्या. एकीत चार नंबरच्या मळक्या कपड्यांचं पिळलेलं पाणी, दुसरीत नऊ नंबरच्या. साबणाची वडी साहेबांच्या हातात दिली.

"घासा."

एवढा मोठा साहेब, बाह्या सरसावून उकिडवा बसला आणि त्याने साबण घासला. एका बादलीत फेस वर आला, दुसरीत चोथा तरंगला. साहेबांनी ओंजळ नाकाशी नेली. ते स्वतः लहानपणी खाणगावातच वाढलेले. उठले, हात पँटला पुसले आणि सर्व्हेवाल्यांना म्हणाले, "सुरुंग रद्द. भोक पाडा."

पुढचे दोन दिवस आमच्या घरात पळीचा आवाजही मोठा वाटत होता. हे माझ्याशी बोलत नव्हते आणि आईशीही नाही. शनिवारी दुपारी हे घरी आले आणि बूट न काढता उंबऱ्यावर बसले.

"साडेतीन मीटर," हे म्हणाले.

"काय साडेतीन मीटर?" मी विचारलं.

"साडेतीन मीटरवर पाणी लागलं. ड्रिल मागे फेकलं गेलं. आधी जाड नळ बसवला होता म्हणून चावी फिरवून बंद करता आलं." यांनी उंबऱ्यावर बोटाने रेघ ओढली. "गुरुवारच्या सुरुंगाने त्यातला दोन मीटर कोळसा उडाला असता. उरलेला दीड एवढ्या पाण्यापुढे टिकला नसता."

सासूबाई आत भांडी पुसत होत्या. त्यांना ऐकू गेलं. त्या बाहेर आल्या, यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि "बूट काढ, घर खराब होतंय," म्हणाल्या. हे त्यांचा हात धरून रडले. मीही रडले. सासूबाई काही रडल्या नाहीत.

सोमवारी सर्व्हेवाले साहेब लाँड्रीत आले. "मावशी, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. त्यासाठीही छाती लागते, हे मी मान्य करते. गावात तर आमच्या बाईंचा भाव इतका वधारला की दुकानात रांग बाजूला होऊ लागली. आणि बाई? जणू आपल्याला हे आधीपासून ठाऊकच होतं अशा थाटात त्या पुढे जात.

मला तो थाट बघवेना. एका दुपारी टाकीवर मी विचारलंच.

"आई, खरं सांगा. तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

त्या कपडा घासत राहिल्या. "मला कुठे खात्री होती?"

"म्हणजे?"

"अगं, फेस काय, दहा कारणांनी फाटतो. पोरगं तसं माझ्याकडे बघायला लागलं तेव्हा माझे पाय लटपटत होते, म्हणून तर टाकीला टेकले. तू तो जोड पिशवीतून काढलास आणि मला वाटलं, जाऊ दे, देऊन टाक बाई, माझंच चुकत असेल. तोंडावर आलं होतं अगदी. पण तू तो बुडवलास. म्हटलं, ही एकोणीस वर्षांत माझ्या एका शब्दाला हो म्हणाली नाही, आणि ही बुडवतेय. म्हणजे खरंच असणार."

माझे हात पाण्यातच राहिले.

"आई," मी म्हणाले, "मी तुमच्याकडे बघून बुडवला होता."

त्यांनी मान वर केली. मग त्या मागच्या मळक्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. मी हात पुसले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाहेर पाळी सुटली. नऊ नंबरची टोळी आता चार नंबरमध्ये, सकाळच्या पाळीला लावली होती. एकेक जण खिडकीशी येऊन आपला जोड आत टाकू लागला. आम्ही दोघी उठलो नाही. तिथेच बसून, हातात हात घेऊन, सोळापर्यंत मोजत राहिलो.