जमिनीवर पडलेला प्लग

आमच्या ऑफिसला बॅटरीवर चालणारी व्हॅन मिळाली तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. गाडी प्रयोगासाठी म्हणून आलेली. बाकीचे ड्रायव्हर तिच्याकडे फिरकत नसत, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. तिला आवाजच नव्हता. इतवारीत हातगाडीवाल्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली तरी त्याला कळायचं नाही. मलाच खिडकीतून डोकं काढून ओरडावं लागायचं. ऑफिसातले तिला मुकी म्हणत. "मुकीनं चारा खाल्ला का गा?" असं रोज सकाळी विचारत. चारा म्हणजे चार्जिंग. रात्रभर लावून ठेवली की सदर ते इतवारी दोन फेऱ्या आरामात व्हायच्या. थंडीत दुसरी संपतासंपताच ती मान टाकायची.

सदरमधल्या ऑफिसच्या मागे आमची क्वार्टर्स होती. मी आणि आई, दोघंच. मोठ्या प्लगचा पॉइंट फक्त शेजारच्या शेडमध्ये होता, व्हॅनच्या चार्जरसाठी. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायचं तर बादली तिथे न्यायची, चार्जरचा प्लग काढायचा, पाण्यात रॉड सोडून त्याचा प्लग लावायचा, आणि पाणी तापलं की पुन्हा चार्जर लावायचा. सगळी क्वार्टर्स हेच करायची. साहेबांना ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिचं सासर खाप्याचं. साहेबांनी आपणहून सांगितलं होतं, वेळ आली तर व्हॅन घेऊन जा. मी घरात ते दहा वेळा ऐकवलं. आई म्हणायची, "त्यापरीस रिक्षा बरी. तुई गाडी चालून राहिली का उभी आहे, तेच समजत नाही." बहीण हसायची. "भाऊ चालवून राहिला ना? मंग मले काहून भेव?"

त्या दिवशी दोन फेऱ्या करून परतलो तेव्हा बोटं काकडून गेली होती. शेडमध्ये चार्जर लावला. तासाभरानं गरम पाण्यानं अंग शेकावंसं वाटलं. चार्जर काढला, रॉड लावला, तापलेलं पाणी घरच्या बादलीत ओतून घेऊन आलो. आंघोळ केली, जेवलो, रजईत शिरलो. चार्जर परत लावायचा राहिला.

इतकी वर्षं मी मनाशीही 'राहिला' असंच म्हणत आलो. ते खरं नाही. डोळा लागायच्या आधी मला आठवलं होतं. रजईतून बाहेर पडावंसं वाटलं नाही. पहाटे उठून लावू, म्हटलं.

पहाटे आईनं हलवून उठवलं. बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. धावत शेडमध्ये गेलो. चार्जरचा प्लग जमिनीवर पडला होता, रात्रीच्या रिकाम्या बादलीशेजारी. गाडीतला बॅटरीचा काटा पाहिला तर अर्ध्याच्या वर. बॅटरी काही तास निवांत राहिली की काटा उगाच वर चढतो आणि गाडीवर जोर आला की घसरतो. हे माझ्याइतकं त्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

शेजारचा जीपवाला मफलर गुंडाळून बाहेर आला. "जीप काढू का गा? तुया मुकीचा काही भरोसा नाही या थंडीत."

"नको. फुल आहे."

"पाहून घे एकदा."

"पाहिलं ना. रात्रभर लावून होती."

जीप घेतली असती तर का घेतली ते सांगावं लागलं असतं. एवढ्यासाठी मी बहिणीला त्या गाडीत बसवलं.

दवाखान्याच्या वाटेवर रेल्वेच्या पुलाचा चढ लागला आणि गाडीचा वेग मरत गेला. मधोमध ती थांबली. आवाज नव्हताच, म्हणून आईला जरा वेळानं कळलं.

"काहून थांबला रे?"

"थंडी आहे," मी म्हणालो. "थंडीनं बॅटरी उतरली."

ढकलून चढ पार होईना. धुकं इतकं होतं की पुलाचं टोक दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं एक सायकलरिक्षावाला आला, भाजीची पोती घेऊन. त्यानं काही न विचारता पोती रस्त्यावर उतरवली. बहिणीला रिक्षात बसवताना तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "स्वेटर नाही घातलं तू, भाऊ."

मुलगा होता. रडला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला, थोडं आधी आणायला हवं होतं. त्यानंतर बहिणीला मूल झालं नाही.

साहेबांनी वर लिहून कळवलं की ही गाडी थंडीत भरवशाची नाही. महिन्याभरात ती परत गेली. जावई खाप्याहून आले तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही काय करसान? थंडीच तशी होती." आई जाईपर्यंत थंडीलाच शिव्या देत होती. मी ऐकून घेत होतो. जीपवाल्यानं मात्र पुन्हा कधी मुकीचा विषय काढला नाही. प्लगशेजारची ती बादली त्यानं पाहिली असावी.

बहीण वाचते. हे छापून आलं तर तिच्या हातात पडेल, हे धरूनच लिहितो आहे. तोंडानं सांगणं मला जमलं नाही. मागच्या हिवाळ्यात सांगायचंच असं ठरवून खाप्याला गेलो होतो. सकाळी ती न्हाणीघरात बादलीपाशी उभी होती. बादलीत रॉड सोडलेला.

"तुले एक सांगायचं होतं," मी म्हणालो.

"आधी आंघोळ कर. पाणी थंड होईन."

मी आंघोळ केली. तिनं तापवलेलं सगळं पाणी अंगावर घेतलं, शेवटच्या तांब्यापर्यंत. बाहेर आलो तेव्हा ती रॉडची वायर गुंडाळून खिळ्याला टांगत होती.

"काय सांगत होता, भाऊ?"

"काही नाही. थंडी लई आहे यंदा."

"हो ना," ती म्हणाली. "त्या सालीही अशीच होती."