बाळंतिणीची खोली

माझा आवाज मोठा आहे आणि त्याबद्दल मला कधीच वाईट वाटलेलं नाही. प्रयोगशाळेत मात्र मी कुजबुजायचे. कोपऱ्यातल्या खोलीत आमच्या पांढऱ्या उंदरांच्या माद्या व्यायच्या. ओली बाळंतीण माणसाची असो की उंदराची, तिला गोंगाट सोसत नाही. फरक एवढाच की उंदराची मादी बिथरली तर स्वतःचीच पिल्लं खाऊन टाकते.

तान्ह्या बाळांना झटके आले की मोठ्यांचंच औषध वजनाच्या हिशोबाने कमी करून दिलं जाई. माझं म्हणणं होतं, तान्हं मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे. औषध त्याच्या अंगात जास्त वेळ राहत असणार. आमच्या साहेबांना ते पटत नव्हतं. "उंदरांच्या पिल्लांना औषध देऊन एकदा बघा. नाही जमलं तर विषय संपला," म्हणाले.

मादी व्याली आणि त्याच संध्याकाळी मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. गणपती जवळ आले होते. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. मादी एकेक पिल्लू तोंडात धरून पिंजराभर सैरावैरा फिरत होती. माझं डोकंच फिरलं. तशीच मैदानात गेले आणि ओरडले, "बंद करा! आत बाळंतीण आहे!"

ढोल थांबले. पथकाचा प्रमुख कसबा पेठेतला तांबट होता. तो वरमून म्हणाला, "माफ करा ताई. कोण बाळंत झालंय?"

"उंदरीण."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"हसताय काय? बाप्पाला ज्याच्या पाठीवर बसवता, त्याच्याच घरातली आहे. तिची पिल्लं वाचली तर तान्ह्या पोरांना औषध नीट देता येईल."

त्याने कमरेचा ढोल सोडला. "उचला रे. नदीपलीकडे जाऊ."

त्यानंतर तो येता-जाता फाटकातून विचारायचा, "बाळंतीण कशी आहे?" मी सांगायचे, "खाऊन-पिऊन सुखी."

पिल्लांच्या रक्तात औषध माझ्या अंदाजापेक्षाही जास्त वेळ राहिलं. साहेबांनी आकडे पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

प्रमुखाने विचारलं, "पिल्लं मोठी झाली का?"

"नाही. रक्त तपासायला त्यांचा जीव घ्यावा लागला. मीच घेतला."

तो फाटकावरचा हात काढून निघून गेला. ते मला लागलं.

विसर्जनाच्या दिवशी त्यांचं पथक आमच्या रस्त्याने आलं. ढोल लांबूनच ऐकू येत होते. फाटक आलं तसा त्याने हात वर केला. सगळे ढोल थांबले आणि नुसती पावलं वाजवत पथक माझ्यासमोरून पुढे गेलं.

आत आता एकही पिल्लू नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी फाटकात ताठ उभी राहिले. माझ्या कामाचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. वळणापलीकडे ढोल पुन्हा सुरू झाले, तेव्हा कुठे मी डोळे पुसले.