जास्तीचा वाटा

शनिवारी मी शाळेच्या टीव्हीवर सातवीला चिंपांझींची फिल्म दाखवत होते. त्यांनी झाडावर एक लहान माकड पकडून फाडलं. मांस घेऊन थोराड नर फांदीवर बसला, बाकीचे भोवती हात पसरून. भांडणात जे आपल्या बाजूनं उभे राहतात त्यांना तो तुकडा देतो, असं फिल्ममध्ये सांगत होते. एका म्हातारीकडं मात्र त्यानं पाठ फिरवली.

"बाई, तिला कावून देईना?" एका मुलीनं विचारलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत बोकड कापणार होते. दहा-बारा घरं मिळून घेतात आणि पळसाच्या पानांवर सारखे वाटे घालतात. वाटे घालणारा गल्लीचा पुढारी. त्यानं शेजारच्या काकूंचा शेताकडं जायचा रस्ता नांगरून टाकला होता. काकू एकट्या, मूलबाळ नाही. तो रस्ता अख्ख्या गावानं तुडवलेला, पण सोमवारी शेतावर होणाऱ्या पंचनाम्याला काकूंच्या बाजूनं बोलायला तयार झालेले एकटे माझे मिस्टर.

आपला वाटा पडणार नाही, ही मला धास्ती. मटणाचं काय, ते माजलगावला हवं तेवढं मिळतं. पण वाट्यातून घर गळलं की गिरणीवरसुद्धा कुणी बोलत नाही. काकूंचा वाटा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीलाच बंद झाला होता आणि पुढचं सगळं मी बघत होते. भित्री मी पहिल्यापासूनच, उगाच आव कशाला आणू?

रविवारी मिस्टर डबा घेऊन गेले. तासभर माझा जीव दाराशी. आले ते भरला डबा घेऊन. मला हायसं वाटलं आणि मी झाकण काढलं. नेहमीपेक्षा दुप्पट मटण, वर कलेजी.

"एवढं कसं दिलं?"

"त्यानं सवताच्या हातानं घातलं." ते माझ्याकडं बघत नव्हते. "उद्या मला माजलगावला काम हाय."

मी वाद घातला नाही. कांदे चिरले. रस्सा चांगला झाला होता, हे सांगायलाही लाज वाटते. दोघांनी पोटभर खाल्लं.

सांजच्याला काकू दारात आल्या. घरभर मटणाचा वास होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पोरी, उद्या कितीला निघायचं?"

मी त्यांच्याकडं पाठ करून पातेल्यावरचं झाकण नीट करत राहिले.