खोल नक्षीचे टायर

मेहकरहून दुपारी येणारी एसटी लोणारच्या स्टँडवर थांबली आणि कंडक्टरनं खाली उतरता उतरताच मला हाक मारली. "मास्तर, तुमचे वकीलसाहेब गेले. सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या..." एवढंच तो बोलला आणि उगाच हातातल्या तिकिटांच्या गठ्ठ्यावर अंगठा फिरवत राहिला. तीच गाडी परत मेहकरला जाणार होती. समोरच्या पानवाल्यामार्फत घरी निरोप धाडला आणि तिच्यातच बसलो. मनोहर गेला हे मला सुलतानपूरपर्यंत खरंच वाटलं नाही. मागच्याच आठवड्यात माझ्या आवाजावरून मला सर्दी झाल्याचं त्यानं ओळखलं होतं, आणि शाळेतल्या खडूच्या नावानं शिव्या दिल्या होत्या.

आता या गोष्टीला काही आठवडे होऊन गेले. मेहकरच्या कोर्टात शोकसभा झाली. वकील मंडळी त्याच्या उलटतपासणीबद्दल बोलली, अशिलांनी त्याच्या स्वभावाबद्दल सांगितलं. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. कारण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं येत होतं ते अकोल्यातलं टायरचं एक दुकान. काळे कोट घातलेल्या मंडळींसमोर टायरची गोष्ट काय सांगणार... ती इथं सांगतो.

मनोहर आणि मी नागपूरला एका खोलीत राहून शिकलो. तो वकील झाला, मी मास्तर. दोघंही मेहकरला आलो. माझी बदली लोणारला झाली ती पुष्कळ नंतर. मनोहरला लहानपणापासून वेड होतं ते वेगाचं. सायकल होती तेव्हा सायकल, मग फटफटी, आणि महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा ती मोटार. खामगावकडच्या एका जिनिंग फॅक्टरीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून मनोहरनं ती घेतली. हिरव्या रंगाची, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी. वर कापडी टप, तोही बहुधा दुमडलेलाच. शर्यतीसाठी बांधलेली गाडी आमच्या रस्त्यावर! ज्या दिवशी ती मेहकरात आली त्या दिवशी पोरं तर पळालीच मागं, पण माझे हेडमास्तरही शाळेच्या फाटकापर्यंत आले होते. मनोहर आठवड्यातून दोन-तीनदा बुलढाण्याच्या कोर्टात जायचा. चिखलीच्या पुढं सरळ रस्ता लागला की तो गाडी अशी सोडायचा की माझ्या डोळ्यांना पाणी यायचं आणि टोपी मांडीखाली धरून बसावी लागायची. "भेतो काऊन बे?" असं ओरडून विचारायचा. उत्तर द्यायला तोंड उघडलं की तोंडात वारा.

पण या गाडीचे टायर आले होते तेच अर्धे झिजलेले. आमच्या खडीच्या रस्त्यांनी उरलेलं काम केलं. नक्षी पुसून गेली, पुढच्या दोघांना तर टक्कल पडलं. परदेशातून माल येणं तेव्हा जवळजवळ बंद होतं आणि त्या मापाचे टायर सहज मिळत नव्हते. मनोहरनं मुंबईला, नागपूरला ओळखीच्या लोकांकडे चौकशा लावल्या होत्या. कोर्टातून घरी आला की बोलणं टायरचंच. रिट्रेड करून घेऊ म्हटलं तर चिडायचा. "आतला धागा सडला असन तं वरून रबर चढवून काय उपयोग? त्या वेगाले ते सोलून निघते." त्याला हवे होते ते विलायती टायर, सरळ बारीक रेघांचे, वेगासाठीच केलेले. त्यांचं नाव तो एखाद्या गवयाचं नाव घ्यावं तसं घ्यायचा.

एका संध्याकाळी बुलढाण्याहून परत येताना पुढचा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून ज्वारीच्या वावरात शिरली आणि धाटं मोडत थांबली. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. मी उतरून मागं चालत गेलो तर रस्त्याच्या कडेला चांगला घमेल्याएवढा दगड पडलेला. अजून उजेड होता, मला तो लांबून दिसला होता आणि मनोहरलाही दिसला असेल असं मी धरून चाललो होतो. "टायरच संपले होते," मनोहर म्हणाला. मलाही ते पटलं. एवढंच लक्षात आलं, की स्टेपनी चढवल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, आज इथंच चिखलीले मुक्काम करू." दिवेलागण झाल्यावर तो हल्ली गाडी काढत नसे. गावात लोक म्हणायचे, वकील बायकोला भितो.

त्याची बायको विमलवहिनी. माहेर दुसरबीडचं, भाजीपाल्याचा मळा असलेल्या घरची. बोलणं जरा मराठवाड्याकडं झुकणारं, मनोहर त्यावरून त्यांना चिडवायचा. ज्वारीतल्या त्या प्रकारानंतर पंधरवड्यातच अकोल्याहून सांगावा आला, की एका दुकानात त्या मापाचे टायर आलेत. मनोहरनं मला सोबत घेतलं आणि आश्चर्य म्हणजे वहिनींनाही. मला वाटलं, लुगडं घ्यायचं असेल. गाडी घरी ठोकळ्यांवर उभी, म्हणून तिघंही सकाळच्या एसटीनं निघालो.

दुकानात दोन तऱ्हेचे टायर होते. एक तेच, ज्यांच्यासाठी त्यानं वर्षभर जीव टाकला होता. कुठल्या तरी जुन्या साठ्यातले, पण कोरे. दुसरे आपल्याकडच्याच बनावटीचे. जाड, खोल नक्षीचे, कच्च्या रस्त्यावर आणि चिखलात चालावे म्हणून केलेले. दुकानाचे शेठ हसत म्हणाले, "साहब, हे जाडेवाले तुमच्या गाडीला शोभणार नाहीत. घोड्याला म्हशीचे पाय लावल्यासारखं दिसेल. स्टेअरिंग जड होईल, स्पीड मरेल, डांबरीवर आवाज करतील."

मनोहरनं दोन्ही टायर भिंतीला टेकवून उभे करायला लावले आणि समोर उकिडवा बसला. विलायती टायरवरून त्यानं तळहात फिरवला. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग वास घेतला. आता तो शेठना बांधा म्हणणार असं मला वाटलं. त्यानं मान न वळवता विचारलं,

"विमल, तुले कोणते वाटतात?"

वहिनी हसल्या. "मला काय इचारता? मी चालवणारंय का गाडी?"

"हाव."

मी म्हटलं, "चेष्टा करून राह्यला का बे?"

"नाही." तो उठून उभा राहिला. पँटीवरची धूळ झटकली. "माह्ये डोळे जाऊन राह्यले, मास्तर. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं. चश्म्यानं होत नाही न् ऑपरेशननंही होत नाही. पयले रातचं जाते, मंग बाजूबाजूचं, मंग सारंच. आता तुह्या तोंडाकडे पाहून राह्यलो तं तुह्ये कान दिसत नाहीत मले."

शेठ हिशेबाचं काही निमित्त करून आत निघून गेले. बाहेर रस्त्यावर टांगे चालले होते, कुणीतरी सोड्याच्या बाटल्या उतरवत होतं. मला तो दगड आठवला. वहिनींनी विचारलं, "कधी कळलं?"

"दिवाईच्या आधी."

"आन् मला आज सांगता? दुकानात?"

"घरी तोंड उघडत नव्हतं, विमल. इथं टायर घ्याचेच हायेत, मंग सांगणं भागच पडलं."

वहिनींचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी पदर लावला नाही. त्या पुढं झाल्या आणि त्या जाड टायरसमोर बसल्या. खाचेत बोट घातलं, पेरभर आत गेलं. "हे चिखलात अडकत नाय ना?"

"सहसा नाही."

"मग हेच घ्या. मला पळवायची नाय. पोचवायची हाय."

मनोहरनं मान हलवली. शेठना हाक मारून पाच बांधायला सांगितले, स्टेपनीसकट. पण जाताना त्याचा हात पुन्हा त्या दुसऱ्या टायरकडे गेला आणि तिथं थोडा वेळ राहिला. मी दुसरीकडे बघितलं.

परतीच्या एसटीत वहिनी आमच्याजवळ बसल्या नाहीत. पुढं बायकांच्या सीटवर जाऊन बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. पातूरचा घाट गेला तरी त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मनोहर माझ्या कानाशी म्हणाला, "लय रागावली न् बे?" मालेगावला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा वहिनी उठून आमच्या सीटपाशी आल्या. चेहरा सुजलेला. दांडा धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्रेक कोणत्या पायानं दाबायचा असतो?"

मेहकरच्या बाहेर गुरांच्या बाजाराचं मोकळं मैदान होतं, तिथं शिकवणी सुरू झाली. लहानपणी वहिनींनी माहेरी बैलांची दमणी हाकली होती, तेवढाच अनुभव. मनोहर मास्तर म्हणून वाईट होता. ओरडायचा, कपाळावर हात मारून घ्यायचा. एकदा वहिनी गाडी मैदानाच्या मधोमध सोडून घरी चालत निघून गेल्या, आणि वकीलसाहेब आत बसून राहिले. त्या रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघत, म्हातारी माणसं नाकं मुरडत. पण पेरण्या व्हायच्या आत वहिनी त्याला बुलढाण्याला नेऊ-आणू लागल्या. डोक्यावर पदर, त्याचं टोक कानामागं घट्ट खोचलेलं, आणि डांबरी लागली की त्या टायरची घुंईई अशी घरघर. गाडी येतेय हे वळणाआधीच कळायचं.

त्या पावसाळ्यातली एक सकाळ मी विसरणार नाही. मनोहरचा मोठा खटला होता, बुलढाण्याला पोचणं अगदी निकडीचं. सीटांमागच्या सामानाच्या फळीवर अंग चोरून मीही बसलो होतो. वाटेतला एक नाला फुगला होता. पुलावरून लाल पाणी चाललेलं. वहिनींनी गाडी थांबवली.

"घाल," मनोहर म्हणाला.

"नाय."

"अवं, पुलाचे दगड दिसून राह्यले असतीन. हे टायर चिखलासाठीच घेतले न्?"

"चिखलासाठी घेतले, पुरासाठी नाय."

मनोहर तापला. अशील, तारीख, न्यायाधीश, सगळं बोलून झालं. मग दार उघडून खाली उतरला आणि पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं चालू लागला. मी उठत होतो, वहिनींनी हातानं मला थांबवलं. पाणी चपलांना लागलं तसा तो थबकला. तिथं तो किती वेळ उभा होता कोण जाणे. पाठीकडून बघतानाही कळत होतं, की माणूस समोरचं काही बघायचा प्रयत्न करतोय आणि ते दिसत नाहीये. मग तो वळला, हात पुढं करून गाडीपाशी आला, चाचपत आत बसला. चपला ओल्या. थोड्या वेळानं म्हणाला, "पाणी तुले दिसते, मले नाही. चाल, वापस घे."

मला वाटतं, टायरच्या दुकानात त्यानं गाडी दिली होती, पण बसण्याची जागा खऱ्या अर्थानं बदलली ती त्या नाल्यापाशी. त्यानंतर तो तिला कसं चालवायचं हे कधी सांगताना मी ऐकलं नाही. डोळे पूर्ण गेले तरी त्याची वकिली चालू राहिली. कारकून कागद वाचून दाखवी, आणि मनोहर साक्षीदाराच्या श्वासावरून खोटं पकडतो असं लोक म्हणत. ते टायर झिजले, पुढं दोनदा बदलले. दर वेळी वहिनींनी त्याच नक्षीचे घेतले आणि दर वेळी मनोहर कुरकुरला, की घोड्याचे हाल केले हिनं.

परवा मी मेहकरला वहिनींना भेटून आलो. निघताना स्टँडकडे जायला वळलो तर म्हणाल्या, "थांबा भाऊजी, मीच सोडते लोणारला. ते गेल्यापासून गाडी काढलीच नाय." मी डावीकडच्या जागेवर बसलो. ती मनोहरची जागा, बसताना मला संकोच वाटला. गाव संपलं. ऊन कलतं होतं. आणि वहिनी समोर बघत, अगदी साध्या आवाजात बोलू लागल्या. "पुढं बैलगाडी हाय, कडब्याची... गेली. डाव्या हाताला नवी विहीर खांदून ऱ्हायलेत. लिंबाखाली मेंढ्या बसल्यात, धनगर झोपलाय..."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या एकदम थांबल्या. कानामागचा पदर नीट केला.

"सवय, हो," म्हणाल्या. "रस्ताभर सांगायचे त्यांना. ते नुसतं हूं म्हणायचे. हूं आलं नाय की समजायचं, झोप लागली."

मग बराच वेळ नुसती टायरची घरघर. सुलतानपूर मागं पडलं. दोन्ही अंगाला कपाशी फुटली होती, नजर जाईल तिथवर पांढरं. वहिनींचे ओठ हलताना मला दिसत होते. शेवटी न राहवून त्या पुटपुटल्या,

"कपाशी फुटलीय. औंदा चांगली हाय."

"हूं," मी म्हटलं.